किटिमॅट फसलं का? (ॲल्युमिनियम, वळवलेली नदी आणि पन्नास हजारांचा नकाशा)

आडवळण

नगररचनेच्या गप्पांत कॅनडातल्या किटिमॅटचं नाव निघालं की एक वाक्य ठरलेलं असतं: "पन्नास हजारांसाठी आखलं आणि आठ हजारांवर अडकलं." हा शेरा मला अन्यायाचा वाटतो. एका कारखान्यासाठी वसवलेल्या गावांमध्ये इतका विचार करून केलेलं काम मला दुसरं फारसं दिसत नाही. म्हणून हा धागा.

ज्यांना हे प्रकरण नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. ब्रिटिश कोलंबियाच्या उत्तर किनाऱ्यावर डग्लस चॅनल नावाची खोल, लांबलचक खाडी आहे. १९५० साली तिच्या टोकाला ना रस्ता होता ना रेल्वे. जवळच हायस्ला या मूळनिवासी लोकांचं गाव, बाकी जंगल आणि बर्फ. प्रांतिक सरकारला उत्तरेत उद्योग हवा होता आणि अल्कन या ॲल्युमिनियम कंपनीला स्वस्त वीज. सरकारने १९४९ मध्ये त्यासाठी खास कायदा केला आणि १९५० च्या अखेरीस करार झाला. १९५१ ते १९५४ एवढ्या काळात धरण, १६ किमीचा बोगदा, डोंगराच्या पोटात कोरलेलं केमानोचं वीजघर, तिथून ८२ किमीची वीजवाहिनी, बंदर आणि स्मेल्टर (ॲल्युमिनियम गाळायचा कारखाना) उभं राहिलं. कामगारांना झोपायला जागा नव्हती, तेव्हा कॅलिफोर्नियातली 'डेल्टा किंग' ही जुनी प्रवासी आगबोट ओढत आणून तिचं वसतिगृह केलं. ३ ऑगस्ट १९५४ ला ड्यूक ऑफ एडिंबरा यांच्या उपस्थितीत पहिली लगड ओतली गेली.

आता मुद्दा. कंपनीपुढे सोपा रस्ता होता. बराकी बांधायच्या, दुकान आपलंच ठेवायचं, भाडं पगारातून कापायचं आणि संप झाला की घर रिकामं करायला लावायचं. अमेरिकेतल्या कोळशाच्या खाणींभोवती दुसरं काय झालं होतं? अल्कनने त्याऐवजी क्लॅरेन्स स्टाइनला बोलावलं. न्यू जर्सीतली रॅडबर्न ही आखीव वस्ती उभारणारा हा माणूस. त्याच्याबरोबर काम करणारी फर्म अल्बर्ट मेयरची, म्हणजे कॉर्ब्युझियेच्या आधी चंडीगडचा पहिला आराखडा करणारा तोच मेयर. (आपल्याकडे हे नाव कोणी घेत नाही, ते असो.)

त्यांनी काय केलं? स्मेल्टर किटिमॅट नदीच्या एका अंगाला, वस्ती दुसऱ्या अंगाला, मध्ये काही किलोमीटरचं अंतर. गाड्यांचे रस्ते वस्तीच्या कडेने, घरांच्या पुढ्यात हिरवे पट्टे, त्यातून पायवाटा. पोराने मोठा रस्ता न ओलांडता शाळेत पोचावं हा हिशोब. घरं कामगारांना विकली आणि त्यासाठी कर्जाची सोय केली. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नगरपालिका १९५३ मध्ये स्थापन झाली, धातूचा पहिला थेंब पडायच्या आधी. कंपनी गावाची मालक नाही, तर गावाला कर देणारी.

लोकसंख्या पन्नास हजारांवर गेली नाही, कबूल. पण माणसं किती आली यावर गाव मोजायचं, की आलेली माणसं कशी राहिली यावर?

कोरडी_नदी

धागा वाचला. बोगदा आला, वीजघर आलं, आगबोटसुद्धा आली. धरण मात्र एका शब्दात उरकलंत.

त्या धरणाचं नाव केनी. नेचाको नदीवर १९५२ मध्ये पुरं झालं, उंची शंभर मीटरच्या आसपास. नदी पूर्वेला वाहत होती. तिचं पाणी अडवून मागच्या तळ्यांची साखळी एक केली आणि बोगद्यातून पश्चिमेला, सुमारे आठशे मीटर खाली केमानोला सोडलं. आता खरी गंमत: या धरणाला सांडवाच नाही. धरणाखालची घळ कोरडी पडली. जास्तीचं पाणी सोडायचं ते दूरच्या स्किन्स लेक सांडव्यातून, आणि ते पाणी चेस्लाटा नदी-तळ्यातून फिरून पुन्हा नेचाकोला मिळतं.

चेस्लाटा तळ्याकाठी चेस्लाटा कॅरियर हे मूळनिवासी लोक राहत होते. जलाशय भरेपर्यंत खालच्या माशांसाठी थोडं पाणी साठवायचं म्हणून एक लहान बांध घातला. त्याने तळं चढणार होतं. एप्रिल १९५२ मध्ये त्यांना निघायला सांगितलं, जेमतेम दोन आठवड्यांत. बर्फ वितळत होता, रस्ते चिखलाचे. माघारी घरं जाळली. पर्यायी वस्ती तयार नव्हती, त्यामुळे उत्तरेला ग्रासी प्लेन्सच्या परिसरात कुटुंबं विखुरली. पुढे सांडवा सुरू झाल्यावर दफनभूमी धुपली आणि शवपेट्या तळ्यात गेल्या. केंद्र सरकारशी तडजोड झाली १९९३ मध्ये, ७४ लाख डॉलर. एक्केचाळीस वर्षांनी.

स्टाइनसाहेबांनी पोरांना शाळेत जाताना रस्ता ओलांडावा लागू नये याची काळजी घेतली, छान केलं. त्याच प्रकल्पाने दुसऱ्या पोरांची घरं पेटवली. एकाच कराराचा हा भाग मोजायचा आणि तो सोडायचा, हे कसं चालेल?

पॉटलाइन

मी स्मेल्टरमध्ये काम करतो (किटिमॅटला नाही, कुठे ते सांगत नाही). वरच्या दोघांच्या भांडणात एक तांत्रिक गोष्ट घालतो, कारण ती कळल्याशिवाय हे गाव तिथे का, हेच कळत नाही.

ॲल्युमिनियम भट्टीत जाळून निघत नाही. ॲल्युमिना ही पांढरी पूड वितळलेल्या क्रायोलाइट या खनिजात साधारण ९६० अंशाला विरघळवायची आणि त्यातून प्रचंड विद्युतप्रवाह सोडायचा. कार्बनचे ॲनोड जळत जातात, धातू तळाला जमतो. १८८६ ची हॉल-एरू पद्धत, आजही मूळ तीच. एका टनाला साधारण दोन टन ॲल्युमिना आणि तेरा ते पंधरा हजार युनिट वीज. हे ज्या टाकीत होतं तिला पॉट म्हणतात. असे शेकडो पॉट एकामागे एक जोडलेले असतात, ती पॉटलाइन. वीज काही तास गेली की पॉटमधला माल थिजतो आणि मग तो फोडून काढायचा. त्यामुळे स्मेल्टर खनिजाजवळ बसत नाही, विजेजवळ बसतो. किटिमॅटला सुरुवातीला ॲल्युमिना जमैकाहून जहाजाने यायचा. विचार करा, कॅरिबियन समुद्रातून माल आणणं परवडतं, वीज आणणं परवडत नाही.

म्हणून आडवळण, तुमच्या मांडणीतलं 'गाव आधी' मला पटत नाही. आधी नदी, मग पॉटलाइन, आणि पॉटलाइन सुट्टी घेत नाही म्हणून तीन पाळ्यांची माणसं मुक्कामी हवीत, म्हणून गाव. कामगार टिकले नाहीत तर त्या दुर्गम जागी पॉट सांभाळणार कोण? स्टाइनला हे नीट माहीत होतं. समाधानी कामगार हा कारखान्याच्या यशाचाच भाग आहे, असं तो मांडत होता. त्यात परोपकार शोधू नका. पण हिशोबी माणसाने बांधलेलं चांगलं घरही चांगलंच असतं, हेही खरं.

आणि नदीपलीकडे स्मेल्टर ठेवल्याने गावाला धूर लागला नाही, तरी आतल्या माणसाला लागायचा तो लागलाच. तिथे २०१५ पर्यंत जुने सोडरबर्ग पॉट होते. त्यात ॲनोडची डांबरमिश्रित लगदी पॉटमध्येच भाजली जाते आणि वाफा थेट पॉटरूममध्ये. या वाफांचा आणि मूत्राशयाच्या कर्करोगाचा संबंध दाखवणारा अभ्यास याच किटिमॅटच्या कामगारांवर झालेला आहे. हिरव्या पट्ट्यांचे फोटो बघताना हे लक्षात असू द्या.

रिकामटेकडा

मी नुसता नकाशा बघत बसणारा माणूस, त्यामुळे एक हलका मुद्दा. रॅडबर्नचं डिझाइन न्यू जर्सीच्या हवेतलं. किटिमॅटला हिवाळ्यात काही मीटर बर्फ पडतो. घराच्या पुढ्यातली ती रम्य पायवाट फावड्याने मोकळी करणार कोण? गाडी जिथे येते तोच खरा दरवाजा.

दुसरं म्हणजे शहराला एकच मध्यवर्ती बाजार द्यायचा ठरवला. तोवर रेल्वे १९५५ ला आणि रस्ता १९५७ ला साठेक किलोमीटरवरच्या टेरेसला जोडला गेला. टेरेस कोणी आखलं नव्हतं, जमेल तसं वाढलेलं गाव. आज विमानतळ तिथे आणि आसपासच्या मुलखाची बाजारहाटही बरीचशी तिथेच. आखलेल्या गावाची गिऱ्हाइकं न आखलेल्या गावाने पळवली, यावर नगररचनाकारांनी एखादं चर्चासत्र घ्यायला हरकत नाही.

आडवळण

कोरडी_नदी, चेस्लाटा लोकांवर जे झालं ते उघड अन्याय होतं, त्याबद्दल माझा वाद नाही. पण तो अन्याय कोणी केला, हे नेमकं बोलू या. जमीन सोडवून घेण्याचा व्यवहार केंद्र सरकारच्या इंडियन खात्याने (मूळनिवासींचा कारभार बघणाऱ्या) केला. पाण्याचा हक्क प्रांताने दिला. तिथे गाव स्टाइनचं असतं किंवा नुसत्या बराकी असत्या, तरी चेस्लाटा तळं तितकंच चढलं असतं. मी गावाच्या आखणीबद्दल बोलतोय. धरणाचं पाप आराखड्याच्या माथी मारलं तर कुठलंच शहर तपासता येणार नाही. विजेच्या प्रत्येक दिव्यामागे कोणाची तरी जमीन असते.

पॉटलाइन यांचा प्रतिसाद आवडला. हेतू हिशोबी होता हे मान्यच आहे. त्याच कंपनीचं क्वेबेकमधलं आर्व्हिडा बघा: १९२६ मध्ये पहिली २७० घरं १३५ दिवसांत उभी केली आणि गावाचं नाव कंपनीच्या अध्यक्षाच्या नावातली अक्षरं जुळवून ठेवलं. त्या टोकापासून निघून पाव शतकात कंपनी किटिमॅटच्या आराखड्यापर्यंत आली. हा बदल मला मोठा वाटतो.

रिकामटेकडा, बर्फाचा मुद्दा बिनतोड. पुढे.

कोरडी_नदी

"विजेच्या प्रत्येक दिव्यामागे कोणाची तरी जमीन असते" हे वाक्य जमीन गेलेला माणूस कधी बोलत नाही, एवढं बघा.

आणि सरकार वेगळं, कंपनी वेगळी, आराखडा वेगळा, अशी वाटणी केली की शेवटी जबाबदार कोणीच उरत नाही. धरणाला सांडवा न देणं हा पैसे वाचवण्याचा अभियांत्रिकी निर्णय होता. तो इंडियन खात्याने घेतला नव्हता. जलाशयाखालचं जंगलही आधी तोडलं नाही, उभंच्या उभं बुडवलं. घाई होती ना, १९५४ ला लगड ओतायची होती.

हिशेबनीस

दोघेही १९५४ मध्ये अडकलात. गाव फसलं की नाही हे ठरतं त्यापुढच्या सत्तर वर्षांत, आणि त्यात पायवाटाही नाहीत, दफनभूमीही नाही, आहे तो करार.

आडवळण म्हणतात कंपनी गावाची मालक नव्हती. बरोबर, घरांची नव्हती. पण ज्याच्यावर गाव जगतं ती वीज संपूर्णपणे कंपनीच्या हातात. ज्याच्या हातात विहीर, त्याने वाड्यातल्या खोल्या भाडेकरूंना विकून टाकल्या तरी घरमालक तोच राहतो.

क्रमाने बघा. मूळ कल्पना मोठ्या स्मेल्टरची होती, पन्नास हजारांचा आकडा त्यातून आला. १९५७-५८ मध्ये ॲल्युमिनियमची मागणी पडली आणि विस्तार थांबला. वीजघर आठ जनित्रांपर्यंत गेलं १९६७ मध्ये, सुमारे ९०० मेगावॅट. लोकसंख्या चढत चढत तेरा हजारांच्या आसपास पोचली आणि ऐंशीच्या दशकानंतर उतरली. २०२१ च्या जनगणनेत ८,२३६.

मधल्या काळात काय झालं? जास्तीची वीज प्रांताच्या ग्रिडला विकण्यात कंपनीला चांगला पैसा दिसू लागला. नेचाकोचं आणखी पाणी वळवण्याचा 'केमानो कम्प्लीशन' प्रकल्प सुरू केला, दुसरा बोगदा अर्धा खणला आणि माशांवरून एवढा गदारोळ झाला की १९९५ मध्ये प्रांताचे प्रीमियर (मुख्यमंत्री) माइक हारकोर्ट यांनी प्रकल्पच रद्द केला. पुढे नगरपालिका कोर्टात गेली: नदी तुम्हाला धातू गाळून रोजगार देण्यासाठी दिली होती, वीज विकण्यासाठी नाही. २००८ पर्यंत निकाल लागला, नगरपालिका हरली. विकायला कंपनी मोकळी.

म्हणजे तुमची ती धातूच्या आधी जन्मलेली नगरपालिका, जिचं तुम्ही एवढं कौतुक केलंत, तिला स्वतःच्या जन्माच्या कारणावर हक्क सांगता आला नाही. गाव आखताना सगळं लिहिलं, पायवाटेची रुंदीसुद्धा. फक्त कराराच्या टेबलावर गावाला खुर्ची नव्हती, कारण करार झाला तेव्हा गावच नव्हतं.

आडवळण

हिशेबनीस, हा मुद्दा मला सगळ्यात जड जातोय. तरी एक विचारतो. नगरपालिका स्वतंत्र होती म्हणूनच कंपनीविरुद्ध कोर्टात जाऊ शकली ना? कंपनीच्या मालकीच्या गावाने कंपनीवर दावा लावल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. हरली, पण लढली.

केमानोचंच बघा. वीजघरासाठी तिथे कंपनीचं स्वतःचं छोटं गाव होतं, नगरपालिका वगैरे काही नाही. २००० मध्ये कंपनीने ते बंद केलं. माणसं हलवली आणि घरं अग्निशमन दलाच्या सरावासाठी जाळली. किटिमॅटच्या बाबतीत असं एका फर्मानाने करता आलं नसतं, कारण तिथे लोकांची मालकी होती.

आणि गाव एका धातूवर बसून राहिलं नाही. युरोकॅनची कागद-लगद्याची गिरणी आली, मिथेनॉलचा कारखाना आला, आता एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू).

हिशेबनीस

आले आणि गेले. मिथेनॉल २००५ मध्ये बंद, युरोकॅन २०१० मध्ये, पाचशेहून जास्त नोकऱ्या एका फटक्यात. एलएनजी कॅनडाचं पहिलं जहाज २०२५ च्या मध्यावर निघालं. ते बांधताना कामगारांसाठी साडेचार हजार खाटांची छावणी उभारली. विमानाने या, पाळी करा, विमानाने परत जा. तेव्हा डेल्टा किंग होती, आता छावणी. मधल्या साठ-सत्तर वर्षांत 'कामगारांसाठी गाव वसवा' ही कल्पनाच उद्योगाने सोडून दिली. किटिमॅट त्या कल्पनेच्या शेवटच्या काही नमुन्यांपैकी एक, एवढं श्रेय मी देईन.

पॉटलाइन

हे खरं आहे आणि त्यात यंत्रांचाही वाटा आहे. रिओ टिंटो या खाणकंपनीने २००७ मध्ये अल्कन घेतली आणि किटिमॅटचा स्मेल्टर जवळपास नव्याने बांधला, ४.८ अब्ज अमेरिकी डॉलर. २०१५ मध्ये नवीन पॉट सुरू झाले. क्षमता २ लाख ८२ हजार टनांवरून ४ लाख २० हजारांवर गेली आणि माणसं मात्र कमी लागायला लागली. हवा कितीतरी सुधारली, सोडरबर्ग गेले, त्याचं मला मनापासून बरं वाटतं. पण पन्नास हजारांचं गाव आता कुठल्याच स्मेल्टरला लागणार नाही. त्या अर्थाने स्टाइन चुकला नाही, उद्योगच पायाखालून सरकला.

संपाचं कोणी काढलं नाही. जुलै २०२१ मध्ये युनिफॉर या संघटनेचे नऊशेच्या आसपास कामगार संपावर गेले, मुद्दे निवृत्तीच्या लाभांचे आणि हंगामी माणसं वापरण्याचे. कंपनीने उत्पादन पाव क्षमतेवर आणलं. ऑक्टोबरमध्ये तडजोड झाली, पण बंद पॉट परत चालू करायला पुढे बराच काळ गेला. पॉट एकेक करूनच जागे होतात, घाई केली तर अस्तर फुटतं. म्हणजे हिशेबनीस, विहिरीवर बसलेला घरमालक ठीक, पण पोहरा ओढणारे आम्हीच. ती ताकद अजून आहे.

रिकामटेकडा

हायस्ला लोकांचं काय झालं ते कोणी सांगेल का? धाग्याच्या पहिल्या परिच्छेदात आले आणि गायब झाले.

कोरडी_नदी

सांगतो. त्यांचं गाव खाडीच्या काठावर अजून आहे. किटिमॅट नदीत उलाकन नावाचा छोटा तेलकट मासा यायचा. त्याचं तूप त्यांच्या जेवणातलं आणि व्यापारातलं मुख्य. कारखान्यांच्या सांडपाण्याने नदीतल्या माशाला वास यायला लागला, तो खाण्याजोगा राहिला नाही, आणि पुढे मासाच जवळपास संपला. चाळीस-पन्नास वर्षं ते या औद्योगिक गावाच्या शेजारी परक्यासारखे राहिले. आता मात्र चित्र वेगळं आहे. सीडर एलएनजी या प्रकल्पात बहुसंख्य मालकी हायस्ला राष्ट्राची (कॅनडात मूळनिवासी समाजाला 'राष्ट्र' म्हणतात) आहे आणि २०२४ मध्ये त्याला अंतिम गुंतवणूक मंजुरी मिळाली. गॅस चांगला की वाईट तो वाद वेगळा. पण हिशेबनीस म्हणतात ती खुर्ची, ती या वेळी त्यांनी सही व्हायच्या आधी मिळवली.

नेचाकोवरच्या लोकांना ती अजून मिळालेली नाही. साइकुझ आणि स्टेलाटेन या दोन राष्ट्रांनी दावा लावला. जानेवारी २०२२ च्या निकालात न्यायाधीशांनी मान्य केलं की धरणामुळे स्टर्जन आणि सॅमनचं नुकसान झालं आणि मासेमारीचा त्यांचा हक्क खरा आहे. तरी कंपनी सुटली, कारण तिने जे केलं ते सरकारच्या परवान्यानुसार. परवाना म्हणजे १९५० चा तोच करार आणि त्याच्या पुढच्या आवृत्त्या. धरणाखाली पाणी सोडायची सोय करा ही मागणी कित्येक दशकं कागदावर फिरतेय. दुसरा बोगदा मात्र २०२२ मध्ये पुरा झाला, कारण वीजपुरवठा धोक्यात घालून चालत नाही.

आडवळण, तुम्ही विचारलंत की आलेली माणसं कशी राहिली यावर गाव का मोजू नये. मोजा. त्या मोजणीत नेचाकोकाठचं वानडरहूफ आणि ग्रासी प्लेन्सही घ्या. किटिमॅटच्या विजेचं पाणी तिथूनच गेलंय.

आडवळण

घेतो. पण मग केमानोची वीज ज्या घरांत जाते ती सगळीच त्या हिशोबात येतात, नुसतं किटिमॅट नाही. जास्तीची वीज ग्रिडला जाते असं वरच आलंय. धरणाखाली पाणी सोडायच्या सोयीचा खर्च मग कंपनीने द्यायचा, प्रांताने, की वीज वापरणाऱ्या प्रत्येकाने? हिशेबनीस, तुम्ही यावर लिहा.

हिशेबनीस

करारात ज्याने सही केली त्याने. प्रांत आणि कंपनी, दोघांनी. १९९७ च्या तडजोडीत नेचाकोसाठी दोघांच्या पैशातून निधी ठेवण्याचं ठरलंच होतं, म्हणजे तत्त्व मान्य आहे. वीज वापरणाऱ्याला मध्ये आणलंत की पुन्हा तीच वाटणी सुरू होईल, आणि कोरडी_नदी पुन्हा चिडतील. या वेळी मी त्यांच्या बाजूने असेन.